हरी रायाची कपडेखरेदी: क्वालालंपूरमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

मलेशियात रमजानचा महिना लागला की ऑफिसात, शाळेच्या फाटकाशी आणि कोंडोच्या लिफ्टमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो: यंदा तुमच्या घरचा रायाचा रंग कोणता? रमजान ईदेला, म्हणजे इथल्या भाषेत हरी राया आयदिलफित्रीला, मलय घरांतली लहानथोर मंडळी एकाच रंगात सजतात. त्याला सेदोंदोन म्हणतात. आपण ईद करत नसलो तरी या रंगाच्या खेळात ओढले जातो, कारण राया एका दिवसात आटपत नाही. सरकारी सुट्टी दोन दिवसांची, पण पुढे शव्वालचा, म्हणजे रमजाननंतरचा, पूर्ण महिना ‘रुमाह तेरबुका’ चालू असतात. घराचं दार सगळ्यांना उघडं. या, रेंदांग (मसालेदार सुकं मांस) आणि केतुपात (पानांच्या पुडीत शिजवलेला भात) खा, गप्पा मारा, पुढच्या घरी जा. दोघांची ऑफिसं, मुलांची शाळा, शेजारी अशी आमंत्रणं साठत जातात आणि मुलं विचारायला लागतात की आपण बाजू कुरुंग, म्हणजे मलय बायकांचा अंगरखा-स्कर्टचा जोड, कधी घ्यायचं.

पुढे काय, कुठे आणि कसं घ्यायचं ते सविस्तर येईलच. त्याआधी एक सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. खरेदीची सुरुवात रंगापासून करू नका. घरात ज्याच्या मापाचं मिळणं सगळ्यांत कठीण, त्याच्यापासून करा. बहुतेक नवखी कुटुंबं आधी मोरपिशी की गुलाबी यावर आठवडा घालवतात आणि मग त्या मोरपिशीत बाबांच्या पोटाचं किंवा दोन वर्षांच्या बाळाचं माप मिळत नाही म्हणून पाच दुकानं पालथी घालतात.

घ्यायलाच हवं का?

नाही. साडी, सलवार-कमीज, कुर्ता यांपैकी काहीही घालून गेलात तर कुणी वावगं मानत नाही. उलट चांगली साडी नेसून गेलात तर यजमानीणबाई पदर हातात घेऊन बघतील. टिकली, मंगळसूत्र काही काढायची गरज नाही. मुसलमान नसलेल्या बायकांनी डोकं झाकावं अशीही अपेक्षा नसते. झाकलेले खांदे, गुडघ्याखाली जाणारं काहीतरी आणि सहज निघणारी चप्पल एवढं पुरे, कारण बूट-चपला दाराबाहेरच काढायच्या असतात.

पण मलय कपडे घातल्याचा आनंद वेगळा आहे, आणि ‘हे आपलं का घालतात’ असं कुणाच्या मनातही येत नाही. इथे बाजू कुरुंग चिनी आणि भारतीय वंशाच्या बायकाही ऑफिसला घालतात. शाळेत मुलींच्या गणवेशातही बाजू कुरुंग असतो. शिवाय हे कपडे एकदाच घालून कपाटात जात नाहीत. शव्वालभरच्या भेटी, शाळेतला पारंपरिक पोशाखाचा दिवस, ऑफिसातल्या कुणाचं लग्न, पुढे बकरी ईद, म्हणजे इथली हरी राया हाजी, या सगळ्याला तोच जोड चालतो. म्हणून माझं मत असं की चार स्वस्त जोड घेण्यापेक्षा प्रत्येकी एक बरा घ्यावा.

कधी निघायचं

इस्लामी महिने चंद्रावर चालत असल्याने राया दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. 2024 साली ती 10 एप्रिलला होती, 2025 साली 31 मार्चला. नेमका दिवस आदल्या संध्याकाळी टीव्हीवर जाहीर होतो, त्यामुळे हिशेब रायाच्या तारखेवरून न मांडता रमजानच्या पहिल्या दिवसावरून मागे मोजत मांडावा.

शिवून घ्यायचं असेल तर रमजानच्या किमान दीड-दोन महिने आधी. शिंप्याला इथे तुकांग जाहित म्हणतात. चांगल्या तुकांग जाहितच्या दारावर रमजान लागायच्या आतच ‘तेम्पाहान तुतुप’, म्हणजे ऑर्डर घेणं बंद, अशी पाटी लागते. मग ओळख काढा, गयावया करा, काही उपयोग नाही.

तयार कपडे घ्यायचे असतील तर रमजान सुरू होण्याआधीचे तीन आठवडे सर्वांत सोयीचे. नवा माल आलेला असतो, सगळी मापं असतात, विक्रेत्यांना बोलायला वेळ असतो. रमजानच्या पहिल्या पंधरवड्यातही चालतं. शेवटच्या दहा दिवसांत बोनस हातात पडलेला असतो आणि अख्खं शहर रस्त्यावर असतं. दादरला धनत्रयोदशीच्या संध्याकाळी जशी पाय ठेवायला जागा नसते, तसं. ज्यांना गर्दीची मजा घ्यायची आहे त्यांनी तेव्हा जरूर जावं, पण मापं शोधायला नाही.

रायाच्या आदल्या रात्री, मालाम रायाला, जालान टार या कापडबाजाराच्या रस्त्यावरचे स्टॉल मध्यरात्रीनंतरही चालू असतात आणि उरलेला माल पडेल भावात निघतो. तुमच्या घरात सगळे मध्यम मापाचे असतील तर ही रात्र तुमची. नसतील तर तिच्या भरवशावर राहू नका.

पुरुषांचं: बाजू मलायू

पूर्ण जोडात सैलसर लांब बाह्यांचा सदरा, त्याच कापडाची विजार, कमरेला गुंडाळायचं साम्पिंग आणि डोक्यावर काळी मखमली टोपी, म्हणजे सोंगकोक, एवढं येतं. पायात चामड्याची चापाल घालतात, पण नवखा माणूस ती घालून गुळगुळीत फरशीवर घसरतो. साधी काळी सँडल घ्या.

सदऱ्याचे दोन प्रकार दुकानदार आधी विचारतो. चेकाक मुसांगला उभी कॉलर आणि पाच बटणं असतात. ही पाच बटणं म्हणजे इस्लामचे पाच स्तंभ, असं बरेचजण सांगतात. तेलुक बलांगाला कॉलर नसते, गळा गोल, गळ्याशी एकच बटण आणि गळ्याच्या कडेने ‘तुलांग बलुत’ नावाची बारीक वेणीसारखी शिलाई. हा जोहोरचा पेहराव, तिथल्या सुलतान अबू बकर यांच्याशी त्याचं नाव जोडलं जातं. दुकानांत चेकाक मुसांगची गर्दी जास्त. मला विचाराल तर पहिल्यांदा घालणाऱ्याने तेलुक बलांगा घ्यावा. गळ्याला काच नाही, उकाड्यात बरा, आणि बटणांची भानगड नाही.

बटणांची भानगड काय, तेही सांगते. चेकाक मुसांगला बटणं शिवलेली नसतात. दोन्ही पट्ट्यांना नुसती काजं असतात आणि बटणांचा संच, ‘बुतांग बाजू मलायू’, वेगळा विकत घ्यावा लागतो. नवी मंडळी घरी येऊन डबा उघडतात तेव्हा सदरा उघडा तो उघडाच. काही संचांत पाचही बटणं बारीक साखळीने जोडलेली असतात. नव्या माणसाने साखळीवालाच घ्यावा, कारण सुटं बटण सोफ्याखाली गेलं की संच गेला. मलय मित्राला बटणांचा संच भेट द्यायचा विचार असेल तर खऱ्या सोन्याचा नको. इस्लाममध्ये पुरुषांना सोनं आणि रेशीम वर्ज्य मानतात.

खिशांचं एक लक्षात ठेवा. चेकाक मुसांगला सहसा छातीशी एक आणि खाली दोन खिसे असतात. साम्पिंग सदऱ्यावरून बांधलं की खालचे दोन खिसे त्याच्या आत जातात. फोन तिथे ठेवला तर वाजत राहतो आणि काढता येत नाही. म्हणून विजारीला खिसा आहे का, आणि त्यात साम्पिंगखालून हात जातो का, हे ट्रायल रूममध्येच बघायचं.

साम्पिंग म्हणजे नळीसारखं शिवलेलं आखूड कापड. लुंगी नेसणाऱ्या घरातल्या माणसाला फार शिकवावं लागत नाही. नळीत उभं राहायचं, एका बाजूने कापड अंगाला घट्ट ओढायचं, उरलेला झोळ पोटावरून दुसऱ्या बाजूला सपाट दुमडून आणायचा आणि वरची कड दोन-तीनदा बाहेरच्या बाजूला गुंडाळून कमरेत खोचायची. खालची कड गुडघ्याच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना सारखी हवी. गुंडाळी सैल पडली तर पहिल्या ताटाआधीच ते घसरतं. चेकाक मुसांगवर साम्पिंग सदऱ्याच्या बाहेरून येतं; तेलुक बलांगाच्या जुन्या जोहोरी पद्धतीत ते सदऱ्याच्या आत बांधतात आणि खालचा काठ तेवढा दिसतो. दुकानातला मुलगा आनंदाने बांधून दाखवतो. दाखवताना व्हिडिओ काढून ठेवा.

साम्पिंगच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. यंत्रावर विणलेलं शंभर रिंगिटच्या आत आरामात मिळतं. हातमागाचं सोंगकेत, म्हणजे जरीचं मलय कापड, विशेषतः तेरेंगानू आणि केलांतानचं, हजारांत जातं. सोंगकेतच्या विणकामाला 2021 मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. पैठणी पारखायची सवय असलेल्यांनी कापड उलटून बघण्याचा मोह जरूर करावा, पण पैठणीसारखी दोन्हीकडून सारखी नक्षी इथे अपेक्षू नका. सोंगकेतमध्ये जरीचा जादा बाणा वरून घातलेला असतो, त्यामुळे मागे धागे सुटे दिसतात आणि पुढच्या बाजूलाही जर थोडी उचललेली असते. बांगडी किंवा घड्याळ अडकलं की धागा ओढला जातो. पहिल्या वर्षी हातमागाचं सोंगकेत घेऊ नका. बघून मात्र या.

सोंगकोक ऐच्छिक आहे. घेणार असाल तर कपाळाच्या मधून, कानांच्या वरून डोक्याचा घेर टेपने मोजून जा आणि घालून मान हलवून बघा. घट्ट टोपीने तासाभरात डोकं दुखतं.

बायकांचं: बाजू कुरुंग आणि त्याची भावंडं

मूळ बाजू कुरुंग म्हणजे गुडघ्यापर्यंत किंवा त्याखाली येणारा सैल अंगरखा आणि खाली पायघोळ काइन, म्हणजे स्कर्टसारखं वस्त्र, ज्याच्या एका बाजूला चुण्यांचा पट्टा असतो. खऱ्या पारंपरिक शिवणीत काखेखाली ‘केकेक’ नावाचा चौकोनी तुकडा आणि बाजूंना ‘पेसाक’ नावाच्या पाचरी असतात. हात वर केला तरी अंगरखा वर ओढला जात नाही, तो त्या तुकड्यामुळे. तयार कपड्यांत हा तुकडा बऱ्याचदा गाळलेला असतो. दुकानात दोन्ही हात सरळ वर करून बघा, लगेच कळेल.

कुरुंग मोडेनला चिमट्या आणि चेन असते, अंगासरशी बसतो, फोटोत छान दिसतो. पण तो घालून बघितल्याशिवाय घेऊ नये. छातीला बसला तर कमरेला घट्ट आणि कमरेला बसला तर खांदा उतरलेला, असं हमखास होतं. कुरुंग केदाह आखूड, कमरेखाली जेमतेम येणारा आणि रुंद बाह्यांचा. उकाड्यात यासारखं सुख नाही, आणि ठेंगण्या बायकांवर लांब कुरुंगपेक्षा हा जास्त शोभतो. पाहांग पद्धतीचा कुरुंग समोरून उघडा आणि लांब, जरा भारदस्त. केबाया सुंदर, पण अंगाला चिकटून बसणारी, आतलं नीट हवं, आणि रेंदांगच्या दुसऱ्या ताटानंतर तिची आठवण वेगळीच राहते. 2024 च्या डिसेंबरमध्ये मलेशियासह पाच देशांनी मिळून केबाया युनेस्कोच्या यादीत नेली, तेव्हापासून दुकानांत तिला जास्त जागा मिळाल्यासारखी वाटते.

पहिल्या खरेदीला साधा कुरुंग किंवा कुरुंग केदाह. काइनच्या कमरेला इलास्टिक असेल तर उत्तम. आणि काइन घालून तीन कामं करून बघा: मोठं पाऊल टाका, जिना चढल्यासारखा पाय उचला, खाली मांडी घालून बसा. मलय घरांत जमिनीवर बसायची वेळ येते, आणि अरुंद काइनमध्ये बसणं म्हणजे कसरत.

मुलांचं

मुलांकडे नवखे लोक शेवटी वळतात. क्रम उलटा हवा. मुलांची मापं वयावर लिहिलेली असतात, पण एका दुकानाचं चार वर्षं म्हणजे दुसऱ्याचं सहा. मुलाला सोबत नेता येत नसेल तर त्याचा नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट पिशवीत टाकून न्या आणि दुकानात वर ठेवून बघा. टेपपेक्षा हे जास्त भरवशाचं.

लहान मुलग्यांना इलास्टिक किंवा चिकटपट्टीचं तयार साम्पिंग मिळतं, तेच घ्या. पाच सुटी बटणं लहान मुलाच्या हाती देऊ नयेत. बटणं शिवलेला सदरा मागा, मिळतो. बाळांसाठी बाजू मलायूच्या आकाराचे रॉम्पर असतात, लंगोट बदलायला खालून बटणं असलेले. सोंगकोक फोटोपुरता टिकतो, त्यावर पैसे घालवू नका.

मुलींचा काइन आखूड घेऊ नका, दोन इंच दुमडून टाका. पुढच्या वर्षी उसवला की तोच जोड चालतो. दुकानदारीण आपणहून सांगणार नाही, पण ‘आत माया आहे का’ हे शिवण उलटून बघायची आपली सवय इथेही कामी येते.

कापड

क्वालालंपूरमध्ये बारा महिने उकाडा आणि दमटपणा. वातानुकूलित दुकानात क्रेप, सॅटिन, शिफॉन सगळंच गार लागतं. पण रुमाह तेरबुका बऱ्याचदा घराबाहेरच्या मांडवात असते, वर पंखे आणि शेजारी उकळतं रेंदांग. तिथे पॉलिएस्टर अंगाला चिकटतं आणि फिक्या सॅटिनवर घामाचा डाग लांबून दिसतो. म्हणून शक्य तिथे सुती घ्या. मुलांच्या बाबतीत तर हट्टाने. सुतीला चुण्या पडतात हे खरं, पण इस्त्री घरी आहेच. लेस घेतली तर आतलं अस्तर कशाचं आहे ते हात घालून बघा. वरून नाजूक आणि आतून प्लास्टिकसारखं, असं फार असतं.

रंग जुळवायचा तो असा

मापं सापडली, आता रंग. सगळ्यांना एकाच ताग्यातलं घातलं की फोटोत माणसं दिसत नाहीत, कापड दिसतं. त्यापेक्षा आईचा किंवा मोठ्या मुलीचा कुरुंग छापील फुलांचा घ्या आणि त्या फुलांतला एक रंग पुरुषांच्या सदऱ्याला घ्या, कारण बाजू मलायू बहुतेक एकरंगी असतो. एकरंगी सदरा आधी घेऊन त्याला मॅचिंग फुलं शोधणं फार कष्टाचं. दोन रंग जरा सुटले तर साम्पिंग त्यांना जोडतं. ज्यात दोन्ही रंगांचे धागे आहेत असं साम्पिंग शोधा.

दोन दुकानांचा ‘सेज ग्रीन’ एक नसतो, हे ऑनलाइन घेताना विशेष लक्षात ठेवा. शॉपी, लझाडा किंवा टिकटॉकवरच्या लाइव्ह विक्रीत दिव्यांखाली दिसणारा रंग आणि पार्सलमधला रंग यांत बरंच अंतर असतं. ऑनलाइन घ्यायचंच तर सगळ्यांचं एकाच विक्रेत्याकडून, एकाच ऑर्डरमध्ये. दुकानात घेत असाल तर कापड दारापाशी नेऊन उन्हात बघा. कुणी अडवत नाही.

पिवळा रंग मलय राजघराण्यांचा मानला जातो. शेजाऱ्यांकडे पिवळा घालून गेलात तर बिघडत नाही, पण कधी राजवाड्यातल्या समारंभाचं आमंत्रण आलं तर तो टाळा.

कुठे जायचं

जालान तुआंकू अब्दुल रहमान, सगळे म्हणतात जालान टार, आणि त्याला लागून असलेलं मस्जिद इंडिया, हा शहराचा कापडबाजार. रस्त्याचं नाव देशाच्या पहिल्या राजाचं आहे. त्याच सुमाराचे पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान वेगळे, पण इथल्या टॅक्सीवाल्याशी यावर पैज लावू नका. गाडी न्यायची नाही. एलआरटीच्या, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेच्या, मस्जिद जामेक किंवा बांदाराया स्थानकावर उतरून चालत जा. बांदारायाला उतरलात तर सोगो हे मोठं दुकान समोरच आहे.

सुरुवात जालान मुन्शी अब्दुल्लावरच्या जाकेल या कापडाच्या मोठ्या दुकानापासून करावी, असं माझं मत. मजल्यांवर मजले कापड, तयार जोड, सगळे दर लिहिलेले. घ्या किंवा घेऊ नका, पण भावाचा आणि कापडाचा अंदाज इथे येतो. जालान टारवरच्या कामदार या दुकानात मीटरवर कापड चांगलं मिळतं. तिथून मस्जिद इंडियाच्या गल्ल्यांत शिरायचं. तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांची जुनी पेढी असलेला हा भाग, साड्यांची आणि सोन्याची दुकानंही इथेच. कापडाच्या दुकानांत हिंदी बोलणारा कुणी ना कुणी भेटतो. रमजानमध्ये रस्त्यावर स्टॉल लागतात. बटणं, पिना, मुलांची साम्पिंगं, तुडोंग म्हणजे डोक्याचे रुमाल, दुइत रायाची, म्हणजे ईदीची, हिरवी पाकिटं असली किरकोळ खरेदी तिथेच स्वस्त पडते.

घाऊक भाव हवा असेल तर चाऊ किटचं प्लाझा जीएम. तिथे तीन-चार नग घेतले की भाव उतरतो, म्हणून दोन-तीन मराठी कुटुंबांनी मिळून जावं. शहराबाहेर राहणाऱ्यांना बांदार बारू बांगीची बुटिकं आणि शाह आलम जवळ पडतात. गर्दी कमी, भाव थोडा चढा. पूर्व किनाऱ्यावर सहल होणारच असेल तर कुआला तेरेंगानूच्या पासार पायांगमध्ये बाटिक आणि सोंगकेत बघा.

सिंगापूरला राहणाऱ्यांनी गेलांग सेराई आणि समोरचं जू चियात कॉम्प्लेक्स गाठावं, स्थानक पाया लेबार. मीटरवर कापडासाठी अरब स्ट्रीट.

बाजारात वागायचं कसं

विक्रेते दिवसभर उपाशी असतात हे मनात ठेवा. दुपारी तीन-चारला दुकान शांत असतं, माणसं थकलेली असतात, पण गर्दी नसल्याने मापं शांतपणे बघता येतात. त्यांच्यासमोर पाण्याची बाटली तोंडाला लावू नये. मुलांना पाजायचं असेल तर बाजूला जा, कुणी काही म्हणणार नाही. साडेसातच्या सुमारास, सूर्यास्ताला, रोजा सुटतो. तेव्हा अर्धा-पाऊण तास कुणाला भाव विचारू नका. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच दुकानं बंद असतात.

हाक मारताना वयाने बरोबरीच्या किंवा मोठ्या बाईला ‘काक’, पुरुषाला ‘अबांग’, वयस्कर बाईला ‘माकचिक’. ‘काक, बेरापा?’ म्हणजे ताई, कितीला? ‘बोलेह कुरांग?’ म्हणजे कमी होईल का? मॉलमध्ये आणि मोठ्या दुकानांत भाव ठरलेले, तिथे हे विचारू नका. स्टॉलवर विचारा, पण हसून आणि एकदाच. ‘तीन घेतले तर?’ हा प्रश्न ‘अर्ध्यात द्या’पेक्षा कितीतरी जास्त चालतो. आपली तुळशीबागेतली निम्म्यापासून सुरू करायची सवय इथे उद्धटपणात जमा होते.

पैसे बहुतेक ठिकाणी दुइतनाऊच्या, म्हणजे इथल्या यूपीआयसारख्या सोयीच्या, क्यूआरने देता येतात. नव्याने आलेल्यांचं बँक खातं सुरू झालेलं नसतं, त्यांनी रोख न्यावी. मुलांचा पूर्ण जोड साधारण शंभर रिंगिटच्या आत, मोठ्यांचा बरा सुती जोड शंभर ते दोनशेच्या मध्ये, असा ढोबळ हिशेब धरा. साम्पिंग आणि बटणं वेगळी. रिंगिटचे रुपये करायची सवय पहिल्या वर्षी सुटत नाही, पण गुणत बसलात तर काहीच घेणार नाही.

सवलतीतला माल परत घेत नाहीत, माप बदलून फार तर देतात. पावती जपा आणि कपडे त्याच रात्री घरी सगळ्यांना घालून बघा.

शिवून घ्यायचं असेल तर

जोडाच्या कापडाला काइन पासांग म्हणतात. पंचेचाळीस इंच पन्ह्याचं असेल तर एका बाजू कुरुंगला साधारण चार मीटर लागतं; उंच किंवा अंगाने भरलेल्या व्यक्तीला जास्त. आपल्याकडच्या रेशमाचा किंवा सुती साडीचाही सुंदर कुरुंग होतो, इथल्या शिंपिणी तो हौसेने शिवतात. काठ काइनच्या घेरात खाली घ्यायचा की बाह्यांना, हे आधी कागदावर काढून द्या.

मापं इंचात घेतात. कानावर पडणारे शब्द: बाहू म्हणजे खांदा, दादा म्हणजे छाती, पिंगांग म्हणजे कंबर, लेंगान म्हणजे बाही, लाबुह म्हणजे उंची. शिंपिणीला पिंटरेस्टवरचा फोटो दाखवण्यापेक्षा नीट बसणारा एखादा कुरुंग नमुन्याला नेऊन द्या. तारीख रायाच्या दोन आठवडे आधीची मागा, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो. आगाऊ रक्कम अर्धी द्यावी, पूर्ण नाही.

घातल्यानंतर

गडद बाजू मलायू पहिल्या धुण्यात रंग सोडतो, एकटा भिजवा. साम्पिंग मशीनमध्ये टाकायचं नाही; जरीचं असेल तर वाऱ्यावर सुकवून सुती कापडात गुंडाळून ठेवा, घडीवर घडी नको. इस्त्री उलट्या बाजूने, वर पातळ फडकं ठेवून. बटणांचा संच धुण्याआधी काढा आणि त्याच्याच डबीत ठेवा.

राया झाल्यावर दुकानांत उरलेल्या मालावर सवलती लागतात. मोठ्यांचं काही राहिलं असेल तर तेव्हा घ्या. मुलांचं घेताना पुढच्या वर्षाचा अंदाज करून दोन मापं मोठं घ्या, फक्त साम्पिंग इलास्टिकचं असू द्या.